डॉ. धनंजयराव गाडगीळ : शेतकऱ्याचा हिशेब मांडणारे अर्थशास्त्रज्ञ

नाशिकने महाराष्ट्राला काय दिले असे कोणी विचारले, तर आपण चटकन स्वातंत्र्यवीर सावरकर, दादासाहेब फाळके, तात्यासाहेब शिरवाडकर ही नावे घेतो. शिवाय द्राक्षे आणि कांदे सांगायला विसरत नाही. पण शेतात पिकलेल्या मालाचा पैसा शेवटी कोणाच्या पदरात पडतो, या प्रश्नाचा ज्यांनी चाळीस वर्षे पाठपुरावा केला, ते डॉ. धनंजय रामचंद्र गाडगीळही १० एप्रिल १९०१ रोजी या नाशिकमध्येच जन्मले, हे आपल्या वर्गात फार थोड्यांना ठाऊक आहे. त्यांच्या आडनावाने घोटाळाही होतो. काकासाहेब गाडगीळ वेगळे, आणि पश्चिम घाटाचा अहवाल देणाऱ्या समितीचे गाडगीळ म्हणजे धनंजयरावांचे चिरंजीव माधवराव. परीक्षेत ‘गाडगीळ समिती’वर टीप आली की कोणत्या गाडगिळांवर लिहायचे, इथपासूनच आमची तयारी सुरू होते!

जन्म नाशिकचा असला तरी धनंजयरावांचे शालेय शिक्षण नागपूरला झाले. पुढे ते इंग्लंडला गेले आणि केंब्रिजच्या क्वीन्स कॉलेजात अर्थशास्त्र शिकले. तेथील प्रबंधावरून तयार झालेला भारताच्या औद्योगिक उत्क्रांतीवरील त्यांचा ग्रंथ १९२४ साली प्रसिद्ध झाला. तेव्हा त्यांचे वय तेवीस वर्षांचे होते. विषय उद्योगांचा, तरी त्यात शेतकऱ्यावर स्वतंत्र प्रकरणे आहेत, ही गोष्ट मला महत्त्वाची वाटते. कारागिराचा धंदा बुडाला की तो जमिनीकडे वळतो आणि जमिनीचे तुकडे वाढतात, हा संबंध त्यांच्या नजरेतून तेव्हाही सुटला नव्हता. मायदेशी परतल्यावर काही काळ सरकारी नोकरी आणि नंतर सुरतेच्या कॉलेजचे प्राचार्यपद, असे त्यांचे दिवस गेले.

१९३० साली रावबहादूर काळे यांनी भारत सेवक समाजाला दिलेल्या देणगीतून पुण्यात गोखले अर्थशास्त्र संस्था उभी राहिली. एकोणतीस वर्षांचे गाडगीळ तिचे पहिले संचालक झाले आणि १९६६ पर्यंत ते त्या पदावर राहिले. सुरुवातीच्या काळात संस्थेने अभ्यासाला कोणता विषय घ्यावा? पुण्यातील फळांचा बाजार! १९३३ साली ती पाहणी प्रसिद्ध झाली. बागेतले फळ गिऱ्हाइकाच्या पिशवीत पडेपर्यंत किती हातांतून जाते, हे त्यांनी बाजारात उतरून पाहिले. पुस्तकी अर्थशास्त्रात आडत, हमाली आणि तोलाई यांना जागा नव्हती. गाडगिळांनी ती दिली. आमच्या घरी अडीच एकर रान आहे. कांद्याची पट्टी हाती आली की माझे वडील आधी भाव वाचत नाहीत, वजावटीचा रकाना वाचतात. त्यामुळे असल्या अभ्यासाचे मोल मला कोणी समजावून सांगावे लागले नाही.

पुढे वाई तालुक्यातील शेतीधंद्याची पाहणी झाली. शेतकऱ्याचे गरिबीचे रडगाणे तेव्हाही सगळ्यांना पाठ होते, पण त्याच्या शेताचा जमाखर्च कोणाजवळ नव्हता. तो मांडायला शेतकऱ्याच्या ओसरीवर जाऊन बसण्याशिवाय गत्यंतर नव्हते.

आपल्या जिल्ह्याशी सर्वांत जवळचा अभ्यास म्हणजे गोदावरी आणि प्रवरा कालव्यांचा. तो १९४८ साली प्रसिद्ध झाला. इगतपुरी तालुक्यातील दारणा धरणाचे पाणी निफाड तालुक्यात नांदूरमधमेश्वरच्या बंधाऱ्यापाशी अडते आणि तेथून कालव्यांनी कोपरगाव-राहात्याकडे जाते, हे आपल्याकडच्या मुलांना भूगोलाच्या पुस्तकाशिवायही माहीत असते. इंग्रज सरकार अशा कालव्याचा हिशेब सावकारासारखा करी. भांडवल किती घातले आणि पाणीपट्टी किती आली? व्याज सुटले तर कालवा चांगला. गाडगिळांनी हा हिशेबच बदलला. पाण्याखालची गावे आणि कोरडवाहू गावे त्यांनी शेजारी शेजारी ठेवून तपासली. पीक किती वाढले हे पाहिलेच, पण मजुराला काम किती मिळाले, बाजारात उलाढाल किती वाढली, याचाही शोध घेतला. धरणाचा लाभ केवळ सरकारी तिजोरीत मोजायचा नसतो, हे आज आपल्याला उघड वाटते. त्या काळी ते आकड्यांनी सिद्ध करावे लागले.

आता कर्जाकडे वळतो, कारण त्यांचे खरे मोठे काम तेथे आहे. १८७५ साली पुणे आणि अहमदनगर जिल्ह्यांत शेतकऱ्यांनी सावकारांच्या वह्या जाळल्या. १८७९ साली शेतकऱ्यांना दिलासा देणारा कायदा झाला, १९०४ साली सहकारी पतसंस्थांचा कायदा आला. तरीही सावकार होता तेथेच होता. शेतकरी लग्नकार्यात उधळतो म्हणून कर्जात बुडतो, हे शहरी माणसाचे आवडते निदान होते. आजही ते एसटीत ऐकू येते. गाडगिळांनी शेतकऱ्याच्या स्वभावापेक्षा त्याच्या बाजारातल्या दुबळेपणाकडे बोट दाखवले. १९४५ साली शेतीच्या कर्जपुरवठ्याबाबत त्यांच्या अध्यक्षतेखालील समितीने अहवाल दिला. शेतकऱ्याचे जुने कर्ज त्याच्या फेडीच्या ताकदीपर्यंत सक्तीने उतरवावे आणि सहकारी संस्था अपुऱ्या असतील तेथे सरकारने कृषी पतमहामंडळ काढावे, असे तिचे सांगणे होते.

त्यानंतर रिझर्व्ह बँकेने अखिल भारतीय ग्रामीण पतपाहणी हाती घेतली. गोरवाला हे समितीचे अध्यक्ष आणि गाडगीळ सदस्य होते. ७५ जिल्ह्यांतील ६०० गावे आणि १,२७,३४३ कुटुंबे तपासली गेली. डिसेंबर १९५४ मध्ये अहवाल प्रसिद्ध झाला, तेव्हा कळले की १९५१-५२ मध्ये शेतकऱ्याने काढलेल्या प्रत्येक शंभर रुपयांच्या कर्जापैकी जेमतेम ३ रुपये १० पैसे सहकारी संस्थांचे होते. सरकारचे ३ रुपये ३० पैसे, व्यापारी बँकांचे ९० पैसे. धंदेवाईक आणि शेतकरी सावकार मिळून जवळजवळ ७० रुपये! पन्नास वर्षांच्या सहकाराची ही कमाई. तीतही मोठ्या खातेदाराचा हात वर होता. दुसरा एखादा अभ्यासक येथे सहकाराला रामराम ठोकता. समितीने मात्र सहकार यशस्वी करण्यावाचून दुसरा मार्ग नाही असे ठरवले आणि त्यासाठी सरकारने संस्थांत भागीदार व्हावे, कर्ज विक्रीशी आणि प्रक्रियेशी जोडावे, गोदामे बांधावीत, माणसे शिकवून तयार करावीत, अशी योजना दिली. १ जुलै १९५५ रोजी इंपीरियल बँकेची स्टेट बँक झाली ती याच अहवालाच्या शिफारशीवरून.

कर्ज आणि प्रक्रिया यांची सांगड कशी घालतात, हे गाडगीळ त्याच वेळी लोणीत करून दाखवत होते. फारसे शालेय शिक्षण न झालेले विठ्ठलराव विखे पाटील आणि केंब्रिजचे पदवीधर धनंजयराव ही जोडी महाराष्ट्राच्या इतिहासात विलक्षणच म्हटली पाहिजे. ऊस शेतकऱ्याचा, पण गुळाचा भाव व्यापाऱ्याचा, हा जाच संपवण्यासाठी गावोगावच्या शेतकऱ्यांकडून भाग गोळा झाले आणि प्रवरेचा सहकारी साखर कारखाना १९५०-५१ च्या हंगामात सुरू झाला. पहिले अध्यक्ष गाडगीळ. पुण्याच्या संस्थेचा संचालक लोणीच्या बैठकीत ऊस उत्पादकांबरोबर बसून हिशेब तपासतो, हे दृश्य डोळ्यांपुढे आणले की आपल्याकडच्या विद्वत्तेबद्दल जरा बरे वाटते.

येथे माझे मत थोडे वेगळे आहे, ते सांगतो. प्रवरेच्या यशामागे कालव्याचे पाणी होते. ज्याच्या रानाला पाणी नाही त्याला ऊस नाही, आणि ऊस नाही त्याला कारखान्यात भाग नाही. महाराष्ट्रातील बहुसंख्य शेती कोरडवाहू, तेव्हा हे प्रतिमान फार थोड्यांच्या उपयोगाचे होते. पुढे कारखाने राजकारणाचे गड बनले, काही कर्जात बुडून बंद पडले. सत्ता आणि सहकार एका घरात नांदू लागले तर काय होईल, याचा अंदाज गाडगिळांच्या योजनेत कमी पडला असे मला वाटते. सरकारला भागीदार करण्याची सूचना याच योजनेतली होती. आमचे सर हे मान्य करत नाहीत. त्यांच्या मते दोष भागीदारीचा नसून सभासदांच्या उदासीनतेचा आहे. हा वाद अजून मिटलेला नाही.

पुणे विद्यापीठाचे कुलगुरुपद आणि राज्यसभा अशी थोडी वाट चालून १९६७ साली ते योजना आयोगाचे उपाध्यक्ष झाले. राज्यांना केंद्राची मदत कोणत्या मापाने द्यावी, याचे १९६९ चे ‘गाडगीळ सूत्र’ आपल्या अभ्यासक्रमात आहेच : ६० टक्के लोकसंख्येवर आणि दहा-दहा टक्के दरडोई उत्पन्न, करप्रयत्न, चालू पाटबंधारे व वीज प्रकल्प आणि खास अडचणी यांवर. मला त्याहून मोलाच्या दोन गोष्टी वाटतात. एक, चौथ्या योजनेत लहान शेतकऱ्यांसाठी वेगळी विकास यंत्रणा आली. सरसकट ‘शेतकरी’ म्हटले की मदत वरच्याच थरात मुरते, हे एव्हाना उमगले होते. दुसरी, १९६९ च्या गाडगीळ अभ्यासगटाने सुचवलेला क्षेत्रनिहाय बँकसेवेचा विचार. त्यातून त्याच वर्षी अग्रणी बँक योजना निघाली आणि जिल्ह्याजिल्ह्याला एक जबाबदार बँक मिळाली.

१९७१ मध्ये ते आयोगातून बाहेर पडले. दिल्लीहून पुण्याला परतताना वाटेतच, ३ मे १९७१ रोजी, त्यांचे निधन झाले. योजना आयोगही आता राहिला नाही; १ जानेवारी २०१५ पासून त्याच्या जागी नीती आयोग आला.

आज आपल्या जिल्ह्यात सहकारी संस्थांच्या जोडीला शेतकरी उत्पादक कंपन्या निघाल्या आहेत. दिंडोरी तालुक्यात मोहाडीला द्राक्ष बागायतदारांनी उभारलेले काम पाहायला परगावचे लोक येतात. तेथे दोन एकरवाल्याच्या हाती काय पडते आणि पंधरा एकरवाल्याच्या हाती काय, हे गाडगिळांच्या पद्धतीने कोणीतरी मोजायला हवे. अर्थशास्त्र विभागातील प्राध्यापकांना माझी विनंती आहे की, पुढल्या वर्षी प्रकल्पासाठी आम्हाला वीस घरांचा वर्षभराचा जमाखर्च लिहू द्यावा. निफाड तालुक्यात मी दोन गावे पाहून ठेवली आहेत, एक कालव्यावरचे आणि एक कोरडवाहू. रोजच्या एसटीने दोन्ही गावांना जाऊन संध्याकाळी परत येता येते.