अंतराळकन्या कल्पना चावला

कोलकात्यातील बेहाला, मुंबईतील जुहू आणि हरियाणातील कर्नाल ही तीन ठिकाणे एकमेकांपासून खूप दूर आहेत. तरीही त्यांच्यात एक साम्य आहे. तेथील लहान धावपट्ट्यांवरून अनेक शिकाऊ वैमानिकांनी पहिली झेप घेतली. अशा धावपट्टीच्या आसपास वाढणाऱ्या मुलांना डोक्यावरून जाणाऱ्या विमानांचे वेड लागते. पुढे बहुतेकांचे ते वेड ओसरते. कर्नालच्या एका मुलीचे वेड मात्र ओसरले नाही. ती मुलगी म्हणजे कल्पना चावला.

कल्पनांचा जन्म १७ मार्च १९६२ रोजी कर्नाल येथे झाला. देशाच्या फाळणीनंतर त्यांचे कुटुंब पश्चिम पंजाबातून भारतात आले होते. वडील बनारसीलाल यांनी रिकाम्या हातांनी सुरुवात करून स्वतःचा व्यवसाय उभा केला. घरात सर्वजण धाकट्या कल्पनांना लाडाने मोंटू म्हणत. टागोर बालनिकेतन या शाळेत प्रवेश घेताना त्यांनी आपले नाव स्वतःच निवडले, असे सांगतात. कर्नालच्या फ्लाइंग क्लबच्या छोट्या विमानातून वडिलांनी त्यांना एकदा फेरी मारून आणली आणि त्यांच्या आयुष्याची दिशा ठरली.

चंदीगडच्या पंजाब अभियांत्रिकी महाविद्यालयात त्यांनी विमान अभियांत्रिकीची शाखा निवडली. ही शाखा मुलींसाठी नाही, असा सल्ला त्यांना मिळाला. परंतु त्या मागे हटल्या नाहीत. १९८२ साली पदवी मिळाल्यावर उच्च शिक्षणासाठी त्या अमेरिकेस गेल्या. टेक्सास विद्यापीठातून त्यांनी पदव्युत्तर पदवी घेतली आणि १९८८ साली कोलोरॅडो विद्यापीठाची डॉक्टरेट संपादन केली. त्याच वर्षी नासा या अमेरिकी अंतराळ संस्थेच्या संशोधन केंद्रात त्या काम करू लागल्या. विमान चालविण्याचा आणि शिकविण्याचा परवानाही त्यांनी मिळविला.

त्या काळात अंतराळ प्रवासात एक मोठा बदल घडत होता. पूर्वी अंतराळवीरांची कुपी एकदाच वापरली जाई. स्पेस शटल हे यान मात्र रॉकेटसारखे वर जाई, ग्लायडरसारखे धावपट्टीवर उतरे आणि दुरुस्तीनंतर पुन्हा उड्डाण करी. या मालिकेतील कोलंबिया हे पहिले यान १२ एप्रिल १९८१ रोजी अंतराळात गेले. परतताना हवेच्या घर्षणाने आणि दाबाने प्रचंड उष्णता निर्माण होते. तिच्यापासून रक्षण व्हावे म्हणून यानावर हजारो उष्णतारोधक फरशा बसविलेल्या असत. पंखांच्या पुढील कडेला कार्बनचे विशेष कवच असे. ते दीड हजार अंशांहून अधिक तापमान सोसू शके. या कवचाला तडा गेला तर यानाची परतीची वाट बंद होणार होती.

या यानांचा धोका जगाला २८ जानेवारी १९८६ रोजी कळला. चॅलेंजर हे यान उड्डाणानंतर ७३ सेकंदांत नष्ट झाले आणि सात जणांचा मृत्यू झाला. इंधन-रॉकेटच्या जोडातील रबरी कडे थंडीने ताठर झाले होते. काही अभियंत्यांनी आदल्या दिवशीच धोक्याची सूचना दिली होती. तिच्याकडे दुर्लक्ष झाले. कल्पना तेव्हा अमेरिकेत शिकत होत्या. हा अपघात घडूनही अंतराळवीर होण्याचा त्यांचा निश्चय ढळला नाही. डिसेंबर १९९४ मध्ये नासाने अंतराळवीर म्हणून त्यांची निवड केली.

१९ नोव्हेंबर १९९७ रोजी कोलंबिया यानातून कल्पना प्रथम अंतराळात गेल्या. भारतात जन्मलेली ही पहिली महिला अंतराळवीर होय. या मोहिमेत यानाच्या यांत्रिक हाताने स्पार्टन नावाचा उपग्रह बाहेर सोडण्याचे काम त्यांच्याकडे होते. सोडल्यावर उपग्रह नीट चालला नाही आणि त्याला पुन्हा पकडण्याचा प्रयत्न फसला. अखेर दोन सहकाऱ्यांनी यानाबाहेर जाऊन तो हातांनी पकडला. या प्रकाराची सविस्तर चौकशी झाली. दोष एकट्या व्यक्तीचा नसून संगणक प्रणाली आणि कार्यपद्धती यांतही उणिवा आहेत, असे निष्पन्न झाले. चूक कोणाची, एवढेच विचारून चौकशी थांबली नाही. चूक का घडली, हेही शोधले गेले. कल्पनांवरील विश्वास कायम राहिला.

दुसरी संधी अनेकदा लांबणीवर पडली. अखेर १६ जानेवारी २००३ रोजी कोलंबिया पुन्हा निघाले. हे त्या यानाचे अठ्ठाविसावे उड्डाण होते. सात अंतराळवीरांनी सोळा दिवस पाळ्या लावून अहोरात्र सुमारे ऐंशी प्रयोग केले. परंतु उड्डाणानंतर ८२ व्या सेकंदाला एक घटना घडून गेली होती. इंधनटाकीवरील फोमचा एक तुकडा सुटून डाव्या पंखाच्या कडेवर आदळला. त्याचे वजन एक किलोपेक्षाही कमी होते. वेग मात्र ताशी सुमारे आठशे किलोमीटर होता.

चित्रफितीत हा आघात दिसला तेव्हा काही अभियंते अस्वस्थ झाले. कक्षेतील यानाची छायाचित्रे मिळवावीत, अशी विनंती त्यांनी केली. ती मान्य झाली नाही. फोमचे तुकडे यापूर्वीही अनेक उड्डाणांत सुटले होते आणि याने सुखरूप परतली होती. त्यामुळे वरिष्ठांना हा धोका नेहमीचाच वाटू लागला होता. काळजीचे कारण नाही, असेच अंतराळवीरांना कळविण्यात आले.

१ फेब्रुवारी २००३ रोजी भारतात सायंकाळ होती. कर्नालच्या शाळेत मुले आनंदोत्सवासाठी जमली होती. यान उतरण्यास अवघी सोळा मिनिटे उरली असताना संपर्क तुटला. पंखातील छिद्रातून तप्त वायू आत शिरले होते. टेक्सासच्या आकाशात कोलंबियाचे तुकडे झाले आणि कल्पनांसह सातही अंतराळवीर मृत्युमुखी पडले.

चौकशी मंडळाने फोमच्या आघाताबरोबरच संस्थेच्या कामकाजातील दोषही दाखवून दिले. हानी वेळीच कळली असती, तर दुसरे यान पाठवून सुटकेचा प्रयत्न करता आला असता, असेही आढळले. २००५ साली उड्डाणे पुन्हा सुरू झाली, तेव्हा कक्षेत पोहोचल्यावर प्रत्येक यानाच्या कवचाची कॅमेऱ्याने बारकाईने तपासणी होऊ लागली. एकूण १३५ उड्डाणांनंतर जुलै २०११ मध्ये शटल याने निवृत्त झाली. त्यानंतर आलेली ड्रॅगन ही कुपीही पुन्हा वापरता येते. मात्र ती रॉकेटच्या टोकावर बसविलेली असते. त्यामुळे वरून काही आदळण्याचा धोका टळतो आणि संकटसमयी तिला रॉकेटपासून दूर नेणारी इंजिनेही तिच्यात असतात.

भारताने आपल्या हवामान उपग्रहाला कल्पना-१ हे नाव दिले. पावसाळी ढगांची चित्रे हा उपग्रह पुढे अनेक वर्षे पाठवीत राहिला. कर्नालची मुलगी अंतराळात पोहोचली ती जिद्दीच्या आणि अभ्यासाच्या बळावर. पण तिला सुखरूप परत आणण्यासाठी जमिनीवरच्या माणसांनी शंका ऐकून घेणे आवश्यक होते. कारखाना असो, बांधकाम असो वा प्रवासी वाहन, काल काही बिघडले नाही म्हणून आजही बिघडणार नाही, असे मानणे धोक्याचे असते. कल्पनांचे जीवन उंच झेप घ्यायला शिकविते आणि त्यांचा मृत्यू शंका वेळीच तपासून पाहायला शिकवितो.