सही न करणारे छत्रपती

महाबळेश्वरला लॉडविक पॉइंटवरून दरी न्याहाळणाऱ्या किती पुणेकरांना त्या थंड हवेच्या गावाचा मूळ धनी ठाऊक असेल? ती जागा होती साताऱ्याच्या प्रतापसिंह महाराजांची. 1828 च्या सुमारास मुंबईचे गव्हर्नर माल्कम यांना ती हवी झाली. बदल्यात महाराजांना वाईकडचे खंडाळा गाव मिळाले.

1793 साली जन्मलेल्या या छत्रपतींच्या वाट्याला पंधराव्या वर्षी गादी आली, पण ती नावाचीच. हुकूम चाले पुण्याच्या शनिवारवाड्यातून. खडकीच्या लढाईनंतर पळ काढताना दुसऱ्या बाजीरावाने राजकुटुंबाला वासोट्याहून आणवून लष्कराबरोबर फरफटत नेले. फेब्रुवारी 1818 मध्ये आष्टीला बापू गोखले पडले आणि महाराज इंग्रजांच्या हाती आले. पेशव्याच्या कैदेतून सुटका झाली खरी, पण ती कोणी केली हे पाहा!

1819 च्या तहाने नीरा ते वारणा या टापूतले राज्य मिळाले. अट अशी, की परराज्यांशी पत्रव्यवहार करायचा नाही. पुढे इतिहासकार म्हणून गाजलेल्या ग्रँट डफने तीन वर्षे कारभार पाहिला आणि 1822 मध्ये तो महाराजांकडे सोपवला. महाराजांनी रस्ते केले, शाळा काढल्या, यवतेश्वराहून शहरात पाणी आणले. रोजनिशी ते नेमाने लिहीत. हिशेबाला चोख असा राजा विरळाच. बँकेत आयुष्य गेल्यामुळे मला या गुणाचे अंमळ जास्तच कौतुक!

पण हिशेबाला चोख माणूस हक्कालाही चोख असतो. जहागिरी कोणाच्या, यावरून मुंबई सरकारशी वाद पेटला. लंडनच्या डायरेक्टरांनी खूश होऊन 1835 मध्ये मानाची तलवार पाठवली, तीही मुंबईकरांनी दाबून ठेवली. पुढच्याच वर्षी आरोप आला, की महाराजांनी इंग्रजी फौजेतल्या देशी शिपायांना फितवले. मग गोव्याच्या पोर्तुगीजांशी आणि नागपूरच्या पदच्युत आप्पासाहेब भोसल्यांशी संधान बांधल्याचेही आरोप जोडले गेले. महाराजांना खुली चौकशी हवी होती. ती झाली नाही.

1839 मध्ये गव्हर्नर कारनॅक साताऱ्यास आले, ते सौदा घेऊन. तहभंगाची कबुली देऊन सही करा, गादी तुमचीच राहील. एका सहीचा प्रश्न होता. व्यवहारी माणसाने ती केली असती, आणि त्याला नावे ठेवण्याचे धाडस आपण करू नये. महाराजांनी नकार दिला. 5 सप्टेंबरला त्यांना पदच्युत करून धाकटे बंधू शहाजी यांना गादीवर बसवले. महाराजांची रवानगी काशीला झाली. सोबत निघालेले सेनापती बाळासाहेब भोसले वाटेतच वारले.

त्यांचे वकील रंगो बापूजी गुप्ते लंडनला जाऊन तब्बल चौदा वर्षे दाद मागत राहिले. कधीकाळी साताऱ्याचे रेसिडेंट असलेले लॉडविकही तेथे महाराजांच्या बाजूने बोलले. उपयोग शून्य. ऑक्टोबर 1847 मध्ये महाराज काशीतच निवर्तले. पुढच्या वर्षी शहाजीही गेले आणि दत्तक नामंजूर करून डलहौसीने राज्य गिळले.

रंगो बापूजी 1853 मध्ये रिकाम्या हाताने परतले. 1857 च्या उठावात ते असे निसटले, की इंग्रजांच्या हाती अखेरपर्यंत लागले नाहीत. सापडला तो मुलगा, सीताराम. त्याच वर्षी सप्टेंबरात साताऱ्याच्या गेंडामाळावर त्याला फाशी देण्यात आले.