बाबा पदमनजी आणि यमुनेचा प्रवास

मराठींतील पहिली कादंबरी म्हणून यमुनापर्यटन या पुस्तकाचें नांव पुष्कळांस ठाऊक असतें. परंतु तें हातीं घेऊन वाचलेलीं माणसें आमच्या मंडळ्यांतही थोडींच आढळतात. म्हणून ज्यांनीं तें लिहिलें, त्या बाबा पदमनजींची हकीकत वाचकांपुढें थोडक्यांत ठेवावी असें आम्हीं योजिलें आहे.

बाबांचा जन्म १८३१ सालीं बेळगांवीं एका सुखवस्तु कासार कुटुंबांत झाला. घरांत देवपूजा व उपासतापास नेमानें चालत, आणि बालपणीं बाबांचीही त्यांवर मोठी निष्ठा होती. त्यांचें शिक्षण प्रथम बेळगांवच्या मिशनशाळेंत व पुढें मुंबईस फ्री चर्चच्या विद्यालयांत झालें. तेथें नवे ग्रंथ आणि नवे विचार यांची गांठ पडली, आणि घरचा आचार एकीकडे व मनाची समजूत दुसरीकडे असें त्यांचें आयुष्य दुभंगूं लागलें.

त्या वेळीं मुंबईंतील कित्येक विद्वानांची अशीच अवस्था झाली होती. दादोबा पांडुरंग व त्यांचे मित्र यांनीं १८४९ सालीं परमहंस सभा स्थापन केली. ईश्वर एक आहे व मनुष्यमात्राची जात एक आहे, हें तिचें तत्त्व. सभेंत सर्व जातींचे लोक एकत्र बसून खात. ख्रिस्ती भटाऱ्याच्या हातचा पाव खाणें ही तेथें प्रवेशाची कसोटी होती. बाबाही या सभेंत सामील झाले. पण सभासदांची संख्या पुरेशी वाढेपर्यंत सर्व कांहीं गुप्त ठेवावें असा तिचा नियम होता. रात्रीं सभेंत जातिभेद खोटा ठरवावा आणि सकाळीं घरीं सोवळें नेसून पाटावर बसावें, असा तो प्रकार. या लोकांस भ्याड म्हणून मोकळें होण्यास आम्ही तयार नाहीं. पाणवठा, सोयरीक आणि प्रेताला खांदा, हीं सर्व जातीच्या हातीं असतां माणूस उघड बोलण्यास कां कचरतो, हें आमच्या खेड्यांतील वाचकांस सांगण्याची गरज नाहीं. तथापि त्या गुप्ततेनें सभेचाच घात केला. १८६० च्या सुमारास तिचीं कागदपत्रें चोरीस गेलीं, नांवें फुटण्याच्या धाकानें सभासद पांगले, आणि सभा मोडली.

बाबा त्यापूर्वींच बाहेर पडले होते. मनानें ते ख्रिस्ताकडे वळून बराच काळ झाला होता, तरी घरच्यांचें प्रेम व जातीचा धाक यांमुळें पाऊल अडखळत होतें. अखेर १८५४ सालीं त्यांनीं बाप्तिस्मा घेतला. आणि तो परक्या मुंबईंत नव्हे, तर बेळगांवांत, जेथें लहानथोर सारे त्यांस ओळखत होते. जात तुटली, पण दुहेरी जगणें संपलें.

त्यानंतर तीनच वर्षांनीं, १८५७ सालीं, यमुनापर्यटन प्रसिद्ध झालें. हिंदुस्थानांतील विधवांच्या स्थितीचें निरूपण असें त्याचें दुसरें नांव आहे. विधवाविवाहास मान्यता देणारा कायदा आदल्याच वर्षीं, १८५६ सालीं, झाला होता. परंतु कायद्यानें विवाह वैध ठरला तरी सासरच्या ओसरीवर कोणाचें चालतें, हें कायद्याच्या कागदावर दिसत नसतें. शिवाय पुन्हां लग्न करणाऱ्या स्त्रीचा पहिल्या पतीच्या मिळकतीवरील हक्क त्याच कायद्यानें जाई. बाबांनीं वादविवादाचा आणखी एक ग्रंथ न रचतां, एका तरुण जोडप्यास प्रवासास पाठविलें. मिशनशाळेंत शिकलेली यमुना आणि तिचा पति विनायक गांवोगांव हिंडतात. जेथें उतरतात तेथें त्यांस कोणी विधवा भेटते. एकीचें केशवपन झालेलें, दुसरी आप्तांच्याच घरांत मोलकरणीप्रमाणें राबणारी, तिसरी फसविली गेलेली. प्रत्येकीचें दुःख निराळें. विधवा हा शब्द एक, पण त्याखालीं माणसें किती निरनिराळीं दडलेलीं असतात, हें या रचनेमुळें उमगतें. आमच्या उपदेशकांस व बायबलबायांस ही रीत ओळखीची वाटेल. तेही दारोदार जाऊन आधीं ऐकतात, मग बोलतात. (निदान तसें करावें अशी अपेक्षा असते.)

पुढें विनायक मरण पावतो. आतांपर्यंत जिनें इतरांच्या कहाण्या ऐकिल्या, ती यमुना आतां स्वतःच त्या पंक्तींत बसते. आमच्या मतें पुस्तकाचें सर्व बळ या वळणांत आहे. यमुनाही अंतरीं ख्रिस्ती श्रद्धा बाळगून वरकरणी घरच्या चालीनें वागत होती. परमहंस सभेंत बसून आलेल्या लेखकास तें मन बाहेरून पाहावें लागलें नसेल. शेवटीं ती बाप्तिस्मा घेते व पुनर्विवाह करिते.

पुस्तकांत दोष नाहींत असें नाहीं. पात्रें पुष्कळदां एकमेकांशीं न बोलतां वाचकास उपदेश करितात, आणि शेवटचा मार्ग फारच सरळ निघतो. आणखी एक गोष्ट खेड्यांतील वाचकांच्या ध्यानांत येईल. केशवपनाची चाल मुख्यत्वें ब्राह्मणांची व त्यांच्या चालीनें वागणाऱ्या कुटुंबांची. कुणबी, महार, मांग इत्यादि जातींत विधवेचा पाट लावण्याची वहिवाट पूर्वापार होती. तेव्हां हें दुःख आपलें नव्हे असें कोणी म्हणेल. पण घराण्यास चार पैसे मिळाले, वरच्या जातींत मान हवासा वाटला, कीं पाट बंद करावा, असेंही अनेक ठिकाणीं घडलें आहे.

बाबांचा पुढील काळ लेखणींतच गेला. मोल्सवर्थच्या मोठ्या मराठी कोशाचा त्यांनीं केलेला संक्षेप १८६३ सालीं निघाला. १८६७ सालीं त्यांस पाळकपदाची दीक्षा मिळाली व पुण्याच्या मंडळीची सेवा त्यांनीं केली. पण पुढें तें पद सोडून ग्रंथलेखन व संपादन हेंच त्यांनीं आपलें काम मानिलें. अरुणोदय हें त्यांचें आत्मचरित्र १८८८ सालचें. बेळगांवच्या त्या भाविक मुलाचें मन कसें पालटत गेलें तें त्यांत त्यांनीं स्वतः सांगितलें आहे, आणि आपली चालढकलही लपविलेली नाहीं. ते १९०६ सालीं वारले.

यमुनापर्यटनामागून मराठींत ज्या कादंबऱ्या आल्या, १८६१ ची मुक्तामाला किंवा १८६८ ची मंजुघोषा, त्यांची वाट अगदीं निराळी, अद्भुताची व शृंगाराची होती. विधवेच्या माजघरांत पुन्हां शिरण्यास तीस वर्षांहून अधिक काळ लागला. हरि नारायण आपट्यांची पण लक्षांत कोण घेतो ही कादंबरी १८९० पासून करमणूक पत्रांत येऊं लागली. तिची नायिकाही यमूच. ती आपली कहाणी स्वतः सांगते. तिच्या वाटेवर मिशनशाळा नाहीं, दुसरें लग्न नाहीं. तिचें केशवपन बळजबरीनें होतें, आणि ती मरते. बाबा तेव्हां साठीच्या घरांत होते.