संशोधक विद्यार्थी : डॉ. बाबासाहेब आंबेडकर

१४ एप्रिल आणि ६ डिसेंबर या दिवशी आपले विद्यार्थी बाबासाहेबांवर पाठ केलेली भाषणे करतात. मात्र बाबासाहेब स्वतः कसे अभ्यास करीत, कसे लिहीत, हे त्यांना क्वचितच सांगितले जाते.

१८९१ साली महू येथे जन्मलेले भीमराव साताऱ्याच्या शाळेत गोणपाटावर वेगळे बसून शिकले. पाण्याला स्पर्श करण्याचीही त्यांना मनाई होती. १९१२ मध्ये ते बी.ए. झाले आणि पुढच्याच वर्षी बडोदा संस्थानच्या शिष्यवृत्तीवर न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात दाखल झाले. भोगलेल्या अन्यायालाच त्यांनी अभ्यासाचा विषय केले. ९ मे १९१६ रोजी, वयाच्या पंचविसाव्या वर्षी, प्रा. गोल्डनवायझर यांच्या चर्चासत्रात त्यांनी भारतातील जातिसंस्थेवर निबंध वाचला. आधीच्या अभ्यासकांची मते त्यांनी एकेक करून तपासली आणि जातीचे मूळ जातीतच विवाह करण्याच्या बंधनात आहे, असा स्वतःचा निष्कर्ष मांडला.

१९१७ मध्ये शिष्यवृत्ती संपल्याने लंडनचा अभ्यास अर्धवट सोडून त्यांना परतावे लागले. सिडनहॅम महाविद्यालयात प्राध्यापकी करून त्यांनी पैसे साठवले आणि शाहू महाराजांच्या साहाय्याने १९२० मध्ये पुन्हा लंडन गाठले. रुपयाच्या प्रश्नावरील त्यांचा प्रबंध परीक्षकांनी फेरलेखनासाठी परत केला. ते खचले नाहीत. त्यांनी प्रबंध पुन्हा लिहून सादर केला आणि १९२३ मध्ये डी.एस्सी. ही पदवी मिळवली.

पुढे १९२८ मध्ये मुंबई सरकारने अस्पृश्य व आदिवासी समाजाच्या स्थितीची चौकशी करण्यासाठी स्टार्ट समिती नेमली. बाबासाहेब तिचे सदस्य होते. त्यांची अभ्यासू वृत्ती अशी समाजाच्या कामी आली.

जव्हार-मोखाड्याच्या वर्गांत आजही प्रकल्पवही म्हणजे गाईडमधील मजकुराची नक्कल, असाच समज आहे. खरे तर विषय आपल्या दारातच आहेत. एवढा पाऊस पडूनही पाड्यावरची विहीर उन्हाळ्यात का आटते? भातकापणी झाली की कुटुंबे वीटभट्टीवर का जातात? विद्यार्थ्याने एक प्रश्न निवडावा, वडीलधाऱ्यांना विचारावे, कोणी काय सांगितले याची नोंद ठेवावी, पुस्तकाशी ताडून पाहावे आणि मगच लिहावे. शिक्षकाने वही लाल शाईने भरून टाकण्याऐवजी पुरावा कोठे आहे, एवढेच विचारून ती फेरलेखनासाठी परत द्यावी.

वही परत आली म्हणून कोणी मुलगा वा मुलगी रडवेली झाली, तर तिला लंडनहून परत आलेल्या त्या प्रबंधाची हकिकत सांगावी. पाठ केलेल्या भाषणापेक्षा स्वतः शोधून लिहिलेले एक पान, हेच बाबासाहेबांना खरे अभिवादन ठरेल.