विल्बर राइट : पदवी हुकली, अभ्यास चालू राहिला



राइट बंधूंबद्दल एक वाक्य आपल्या सगळ्यांना पाठ आहे : सायकली दुरुस्त करणाऱ्या दोन भावांनी १९०३ मध्ये विमान उडवले. त्याला जोडून पुढे सांगितले जाते की ते फारसे शिकलेले नव्हते, नशीब मात्र जोरावर होते. मी इंजिनिअर आहे, वीसेक वर्षे सॉफ्टवेअरमध्ये काम करते. नशिबाने चाललेला प्रोग्रॅम दुसऱ्या दिवशी बंद पडतो, हे नेहमी बघते. त्यामुळे या दोघांतल्या थोरल्याचे, विल्बरचे चरित्र मी कुतूहलाने वाचले.

विल्बरचा जन्म १६ एप्रिल १८६७ रोजी अमेरिकेतल्या इंडियाना राज्यात झाला. वडील मिल्टन हे बिशप. घरात पुस्तके भरपूर. यंत्रांची हातोटी मात्र आई सुसान हिच्याकडून आली. विल्बर अभ्यासात हुशार होता, येल विद्यापीठात जाण्याचे घाटत होते. पण शेवटच्या वर्षी कुटुंबाने गाव बदलल्यामुळे हायस्कूलचे प्रमाणपत्र राहून गेले. पुढे १८८५-८६ च्या हिवाळ्यात बर्फावर हॉकी खेळताना काठी तोंडावर बसली. पुढचे दात गेले, प्रकृती ढासळली आणि येलही राहिले. त्याच सुमारास आई क्षयाने अंथरुणाला खिळली. १८८९ मध्ये ती जाईपर्यंत विल्बरने तिची शुश्रूषा केली आणि घरातली पुस्तके वाचून काढली.

नंतर धाकट्या ऑर्व्हिलबरोबर त्याने डेटन गावी आधी छापखाना चालवला, मग १८९२ मध्ये सायकलचे दुकान काढले. पुढे त्या दुकानात ते स्वतःच्या सायकली बनवून विकू लागले. ३० मे १८९९ रोजी विल्बरने वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संस्थेला पत्र लिहून उड्डाणाविषयीचे साहित्य मागवले. आधी झालेले काम त्याला नीट माहीत करून घ्यायचे होते.

त्यांच्याआधी माणूस पंखांवर उडालाच नव्हता, हाही एक गैरसमज. जर्मनीच्या ओटो लिलिएंथालने ग्लायडरवरून शेकडो झेपा घेतल्या होत्या. १८९६ मध्ये अशाच एका झेपेत अपघात होऊन तो गेला. बाकीचे बरेचजण जोरदार इंजिनाच्या मागे होते. विल्बरला मात्र हवेत गेल्यावर तोल कसा सांभाळायचा, हा खरा प्रश्न वाटला. सायकलच्या ट्यूबचा रिकामा खोका हातात पिळताना पंखांची टोके उलटसुलट पिळण्याची युक्ती त्याला सुचली.

१९०१ चे ग्लायडर हिशेबापेक्षा खूपच कमी उचलले गेले. तेव्हा भावांनी दुकानातच सहा फूट लांबीची लाकडी पेटी बांधून तिच्यातून पंख्याने वारा सोडला. करवतीची पाती आणि सायकलच्या तारा वापरून तराजू केले आणि शंभरावर छोट्या पंखांची मोजमापे घेतली. दोष लिलिएंथालच्या तक्त्यांत होता असे अजूनही सांगतात. खरी गफलत होती हवेच्या दाबासाठी शतकभर वापरल्या गेलेल्या स्मीटन गुणांकात. ०.००५ ऐवजी तो सुमारे ०.००३३ निघाला.

१७ डिसेंबर १९०३ चे ऑर्व्हिलचे १२ सेकंदांचे उड्डाण सर्वांना ठाऊक असते. त्याच दिवशी चौथ्या खेपेला विल्बर ५९ सेकंद, ८५२ फूट उडाला. तरी वळण घेणे, घिरट्या घालणे बाकीच होते. ते साधायला आणखी दोन वर्षे लागली. ५ ऑक्टोबर १९०५ रोजी डेटनजवळच्या कुरणावर फेऱ्या मारत विल्बरने ३९ मिनिटांत २४ मैल कापले. जगाची खात्री पटली ती १९०८ मध्ये, फ्रान्समधली त्याची उड्डाणे पाहून.

आपल्याकडे हा विषय निघाला की शिवकर बापूजी तळपदे यांचे नाव येतेच. १८९५ मध्ये त्यांनी चौपाटीवर विमान उडवले, असे आपण ऐकत आलो. त्यांच्याविषयी मला आदर आहे. पण त्या उड्डाणाची मोजमापे किंवा पडताळून पाहता येईल अशी नोंद आपल्यासमोर नाही. राइट बंधूंच्या वह्या, पत्रे, छायाचित्रे आजही उपलब्ध आहेत, आणि दावा टिकतो तो अशा नोंदींवर.

विल्बरची शेवटची वर्षे पेटंटच्या खटल्यांत गेली. ३० मे १९१२ रोजी विषमज्वराने तो वारला. वय अवघे ४५. त्या पत्राला बरोबर तेरा वर्षे झाली होती.

पदवीवाचून काही अडत नाही, असे सांगायला विल्बरचे उदाहरण हल्ली सर्रास दिले जाते. मला ते पटत नाही. कॉलेजात झाला असता तेवढा, कदाचित त्याहून जास्त अभ्यास त्याने घरी बसून आणि दुकानात केला. आपल्या वर्गातही घरच्या आजारपणामुळे किंवा पैशांअभावी शिक्षण थांबलेले मित्रमैत्रिणी आहेत. सांगण्यासारखे काही नाही, असे वाटून त्यातले काही मेळाव्याला येत नाहीत. त्यांनी पुढच्या वेळी जरूर यावे. इतक्या वर्षांत ते काय काय शिकले, हे ऐकायची आम्हाला उत्सुकता आहे.