आईच्या सुटकेसाठी झुंजलेले खगोलशास्त्रज्ञ : योहानेस केप्लर

ग्रहांच्या गतीचे तीन नियम मांडणारे जर्मन खगोलशास्त्रज्ञ योहानेस केप्लर यांचे नाव विज्ञानाच्या विद्यार्थ्यांना सुपरिचित आहे. त्यांच्या वृद्ध आईवर चेटकीण असल्याचा आरोप होता आणि तिच्या बचावासाठी त्यांना सहा वर्षे झगडावे लागले, ही बाब मात्र फारशी ज्ञात नाही. युरोपातील चेटकिणींचा छळ मध्ययुगात आणि केवळ चर्चच्या धर्मन्यायालयांनी केला, असा समज सर्वत्र आढळतो. केप्लर कुटुंबाची कहाणी या समजाला छेद देते.

केप्लर यांचा जन्म २७ डिसेंबर १५७१ रोजी वाइल देर श्टाट या गावी झाला. वडील भाडोत्री सैनिक होते. ते घर सोडून गेले ते परतलेच नाहीत. आई काथारिना हिने १५७७ मध्ये लहानग्या योहानेसला उंच जागी नेऊन आकाशातील धूमकेतू दाखविला होता. ट्यूबिंगेन येथे शिक्षण घेतल्यानंतर १५९४ मध्ये ते ग्राट्स येथे गणिताचे अध्यापक झाले. कॅथलिक पंथ स्वीकारण्यास नकार दिल्याने १६०० मध्ये त्यांना ते शहर सोडावे लागले. प्राग येथे १६०१ मध्ये ते सम्राटाचे गणिती झाले आणि १६०९ मध्ये त्यांचे पहिले दोन नियम प्रसिद्ध झाले.

काथारिनावरील संकट १६१५ मध्ये लिओनबर्ग येथे उद्भवले. तिने दिलेल्या पेयामुळे आपण आजारी पडलो, असा आरोप उर्सुला राइनबोल्ड या शेजारणीने केला. दोघींमध्ये जुना वाद होता. हा प्रदेश ल्यूथरपंथीय व्युर्टेम्बर्ग राज्यात मोडत असे आणि खटला चालला तो राज्याच्या न्यायालयात. युरोपातील असे बहुसंख्य खटले धर्मेतर न्यायालयांतच चालले. त्यांचा जोर मध्ययुगात नव्हे, तर सोळाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून सतराव्या शतकाच्या मध्यापर्यंत होता. बळींची संख्या लाखोंच्या घरात असल्याचे सांगितले जाते. इतिहासकारांचा अंदाज मात्र ४० ते ६० हजारांचा आहे. पिकांची नासाडी, रोगराई, शेजाऱ्यांमधील वैमनस्य आणि यातना देऊन मिळविलेले कबुलीजबाब या कारणांनी हे सत्र वाढत गेले.

केप्लर यांनी चंद्रप्रवासावर एक काल्पनिक कथा लिहिली होती. तिच्यात नायकाची आई वनौषधी विकते आणि अदृश्य शक्तींशी संवाद साधते. या हस्तलिखितामुळेच आईवर बालंट आले, अशी शंका त्यांना पुढे छळत राहिली. खटल्याच्या कागदपत्रांत मात्र इतिहासकारांना त्याचा पुरावा आढळलेला नाही.

ऑगस्ट १६२० मध्ये सत्तरी ओलांडलेल्या काथारिनाला मुलीच्या घरातून रात्री अटक झाली आणि पुढे तिला साखळदंडाने जखडून ठेवण्यात आले. केप्लर लिंत्स येथील काम सोडून धावून आले. त्यांनी प्रत्येक साक्षीचा बारकाईने समाचार घेणारे सविस्तर लेखी निवेदन सादर केले. विटा वाहणाऱ्या मुलीचा हात दुखला तो ओझ्यामुळे आणि शाळामास्तर लंगडा झाला तो चर ओलांडताना, असे त्यांनी दाखवून दिले. चेटूक असते की नाही, या वादात ते शिरले नाहीत. प्रत्येक व्याधीचे नैसर्गिक कारण मांडण्यावर त्यांनी भर दिला.

ट्यूबिंगेनच्या विधिज्ञांच्या निर्णयानुसार सप्टेंबर १६२१ मध्ये काथारिनाला यातनांची हत्यारे दाखवून धमकावण्यात आले. तरीही तिने कबुली दिली नाही. ऑक्टोबरमध्ये, चौदा महिन्यांच्या कैदेनंतर, तिची सुटका झाली. पुढच्याच एप्रिलमध्ये तिचे निधन झाले.

ग्रहगतीचा तिसरा नियम केप्लर यांना गवसला तो १६१८ मध्ये, आईवर आरोपाची टांगती तलवार असतानाच. रेगेन्सबुर्ग येथे १५ नोव्हेंबर १६३० रोजी त्यांचे निधन झाले. चंद्रप्रवासाची ती कथा त्यांच्या पश्चात, १६३४ मध्ये प्रसिद्ध झाली. तीस वर्षांच्या युद्धात त्यांची कबर नष्ट झाली. आईच्या खटल्याची कागदपत्रे मात्र आजही उपलब्ध आहेत.