४७ वर्षं जुनी गाडी, ६८ वर्षांचा रायडर आणि ताशी २९६ किलोमीटर: बर्ट मन्रोच्या ‘इंडियन’ची गोष्ट

क्रुझर घ्यायची म्हटली की मित्रमंडळींत हमखास दोन पार्ट्या पडतात. एक पार्टी म्हणते, बजेट थोडं ताण पण थेट जास्त सीसीची घे. दुसरी म्हणते, परवडते ती घे, नंतर इंजिनाचं काम करू, मग बघ कशी पळते.

हा वाद आजचा नाही. आणि दुसऱ्या पार्टीला आपल्या बाजूने जगातला सर्वात तगडा साक्षीदार उभा करायचा असेल, तर तो न्यूझीलंडमध्ये सापडतो. त्याचं नाव हर्बर्ट जेम्स मन्रो, म्हणजेच बर्ट मन्रो.

१९२० साली त्याने एक मोटरसायकल घेतली. कंपनीतून आली तेव्हा ती ताशी ५५ मैल, म्हणजे जेमतेम ८८ किलोमीटर पळायची. १९६७ साली त्याच गाडीवर बसून त्याने ताशी २९६ किलोमीटरचा विक्रम केला. तेव्हा गाडी ४७ वर्षांची होती आणि बर्ट ६८ वर्षांचा.

हे त्याने कसं केलं आणि त्यासाठी काय मोजलं, तेच बघूया.

इंडियन म्हणजे भारतातली नव्हे

सुरुवातीलाच एक घोळ मिटवू. बर्टच्या गाडीचं नाव होतं इंडियन स्काउट. पण या इंडियनचा भारताशी काही संबंध नाही. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स राज्यातल्या स्प्रिंगफील्ड गावात १९०१ साली जॉर्ज हेंडी आणि ऑस्कर हेडस्ट्रॉम यांनी ही कंपनी काढली. हार्ले-डेव्हिडसनची सर्वात जुनी स्पर्धक कंपनी म्हणजे हीच इंडियन.

स्काउटचं डिझाइन केलं होतं चार्ल्स फ्रँकलिन या आयरिश इंजिनीयरने. बुटकी बॉडी, खाली बसलेली सीट, इंग्रजी व्हीच्या आकारात बसवलेले दोन सिलिंडर आणि ६०६ सीसीचं इंजिन. तेव्हा क्रुझर हा शब्द मोटरसायकलसाठी वापरात नव्हता. पण आज ज्या गाड्यांना आपण क्रुझर म्हणतो, त्यांची ठेवण अशा गाड्यांवरूनच आली.

याच कंपनीची पॉवरप्लस नावाची जवळपास १००० सीसीची मोठी गाडी तेव्हा बाजारात होती. म्हणजे सीसीच बघायची तर कागदावर स्काउट धाकटीच ठरते. पण तिचं इंजिन आणि गिअरबॉक्स एकमेकांना घट्ट जोडलेले होते. दोघांच्या मध्ये साखळीऐवजी गिअर होते. साखळी ताणते, तुटते, गिअरचं तसं नसतं. पाया मजबूत असलेली ही गाडी होती, आणि पुढे हीच गोष्ट सर्वात महत्त्वाची ठरली.

शेतकऱ्याचा पोरगा

बर्टचा जन्म २५ मार्च १८९९ चा. न्यूझीलंडच्या अगदी दक्षिण टोकाला इन्व्हरकार्गिल नावाचं शहर आहे. तिथून जवळच एडनडेलला त्याच्या वडिलांची शेती होती. बर्टबरोबर जन्मलेली जुळी बहीण जन्मताच गेली.

शेतीत राबायचं, पण डोक्यात कायम वेग. १९१५ मध्ये त्याने डग्लस ही पहिली मोटरसायकल घेतली. मग क्लायनो नावाची साइडकारवाली गाडी आली. तिची साइडकार काढून टाकून तो ती शर्यतीत पळवू लागला. बर्टचा पिंड इथेच दिसतो. गाडी जशी मिळाली तशी ठेवायची, हे त्याला जमणारच नव्हतं.

त्यानंतर १९२० मध्ये स्काउट आली आणि गाड्या बदलण्याचा विषय जवळपास संपला. पुढे त्याने १९३६ च्या मॉडेलची वेलोसेट ही ब्रिटिश गाडीही घेतली आणि तिच्यावरही तितकीच मेहनत केली. पण स्काउट त्याने आयुष्यात कधी सोडली नाही.

शेडमधला कारखाना

१९२६ च्या सुमारास बर्टने स्काउट उघडली आणि काम सुरू केलं. ते चार दशकं चाललं.

हे काम समजून घ्यायचं तर इंजिनाचं गणित थोडं समजून घ्यावं लागेल. पेट्रोल आणि हवेचं मिश्रण सिलिंडरमध्ये जाऊन जळतं आणि त्या धक्क्याने पिस्टन खाली ढकलला जातो. जास्त ताकद हवी असेल तर जास्त मिश्रण आत घ्यायला हवं, ते जास्त दाबायला हवं आणि जळलेला धूर चटकन बाहेर काढायला हवा. बाकी सगळं ट्युनिंग या तीन गोष्टींभोवती फिरतं.

मूळ स्काउटचे व्हॉल्व्ह सिलिंडरच्या बाजूला होते. त्यामुळे हवेला वळसा घालून आत यावं लागायचं आणि मिश्रण फार दाबताही यायचं नाही. बर्टने ते व्हॉल्व्ह सिलिंडरच्या डोक्यावर नेले. वाट सरळ झाली, इंजिनाला मोकळा श्वास घेता येऊ लागला. त्याने सिलिंडरही मोठे केले. ६०० सीसीची गाडी पुढे ८५० आणि शेवटी ९५० सीसीपर्यंत गेली.

पण एक भाग बदलला की दुसरा मोडतो, हा ट्युनिंगचा जुना नियम आहे. ताकद वाढली की पिस्टन वितळतात. पिस्टन टिकले तर ते ज्या दांड्याला जोडलेले असतात तो कनेक्टिंग रॉड तुटतो. रॉड टिकला तर तेल पुरत नाही. म्हणून बर्टला फ्लायव्हील, कॅम, ऑइलिंग असं सगळंच नव्याने करावं लागलं.

त्यासाठी पैसे कुठे होते? तो मोटरसायकल विकणारा सेल्समन. दिवसा नोकरी आणि रात्री गाडीचं काम. जुन्या डब्यांचे साचे करून तो धातू ओतायचा आणि पिस्टन घरीच बनवायचा. सिलिंडर बीडाच्या पाइपमधून कोरून काढायचा. कनेक्टिंग रॉडसाठी ट्रॅक्टरचा जुना अ‍ॅक्सल वापरायचा आणि हाताने घासून त्याला आकार द्यायचा.

पुढे तर दुसरा इलाजच उरला नाही, कारण १९५३ मध्ये इंडियन कंपनीनेच स्प्रिंगफील्डमधलं उत्पादन बंद केलं.

त्याच्या शेडमध्ये एक फळी होती. फुटलेले पिस्टन, तुटलेले रॉड, जळालेले भाग तो तिथे मांडून ठेवायचा. तो सगळा ढीग त्याने वेगाच्या देवाला अर्पण केला होता. फळी भरत गेली, पण प्रत्येक मोडलेला भाग पुढच्या वेळी काय बदलायचं ते सांगत गेला.

हिशोबाची दुसरी बाजू

अशा गोष्टी सांगताना एक भाग सहसा गाळला जातो. बर्टला बायको होती, चार मुलं होती. १९२७ मध्ये लग्न झालं आणि १९४० च्या दशकात संसार मोडला. त्यानंतर त्याने नोकरीही सोडली आणि गॅरेजमध्येच मुक्काम ठोकला. झोपायला एक खाट आणि समोर दोन मोटरसायकली.

अपघातही अनेक झाले. १९५० च्या दशकाच्या अखेरीस छातीत दुखू लागलं, हृदयाचा त्रास सुरू झाला. पण गाडी पळतच राहिली. १९५७ मध्ये इन्व्हरकार्गिलजवळच्या ओरेटी किनाऱ्यावर, वाळूत, त्याने ताशी २११ किलोमीटरचा वेग गाठला. कंपनीने दिलेल्या वेगाच्या दुपटीहून हे जास्त होतं.

आता किनारा कमी पडू लागला.

मिठाचं मैदान

अमेरिकेतल्या युटा राज्यात बॉनव्हिल नावाचं मिठाचं मैदान आहे. मैलोन्‌मैल सपाट, पांढरं आणि आडवं यायला काहीच नाही. जगभरातले वेगवेडे तिथे विक्रम करायला येतात. विक्रम धरला जातो तो सरासरीवर. एकदा एका दिशेने पळायचं, मग उलट दिशेने पळायचं आणि दोन्हींचा मध्य काढायचा. त्यामुळे वाऱ्याचा फुकटचा फायदा मिळत नाही.

इथे बर्टचा खरा शत्रू इंजिन नव्हतं, हवा होती. वेग दुप्पट करायचा तर हवा कापायला दुप्पट नाही, आठपट ताकद लागते. ताशी ५५ मैलांवरून १८४ मैलांवर जायचं तर वेग सव्वातीन पटीहून जास्त होतो, पण गाडीचा आकार तोच ठेवला तर ताकद सुमारे ३७ पट लागते. नुसतं इंजिन ट्यून करून हे होणं शक्य नव्हतं.

म्हणून त्याने गाडीला माशासारखं निमुळतं फायबरग्लासचं कवच बसवलं. बर्ट त्यात पोटावर जवळजवळ आडवा व्हायचा. हवा अडण्याऐवजी अंगावरून सरकून जाऊ लागली.

१९६२ मध्ये, वयाच्या ६३ व्या वर्षी, त्याने आपल्या गटात ताशी सुमारे २८८ किलोमीटरचा विक्रम केला. १९६६ मध्ये मोठ्या इंजिनाच्या गटात ताशी २७० किलोमीटर झाले. मग आलं १९६७.

त्या वर्षी एका फेरीत गाडीने ताशी ३०५ किलोमीटरचा वेग गाठला. दोन्ही दिशांची सरासरी काढून १००० सीसीखालच्या गटात त्याच्या नावावर विक्रम लागला. त्याच वर्षी एका धावेत गाडी भयंकर डगमगू लागली. वेग कमी व्हावा म्हणून बर्ट कवचातून उठून बसला, तर वाऱ्याने त्याचा गॉगल उडवला. डोळ्यांपुढे काही दिसेना. गाडी रेषेबाहेर गेली आणि एक लोखंडी खुंटा थोडक्यात चुकला. शेवटी त्याने ती आडवी पाडली. चार ओरखडे आले, जीव वाचला.

चित्रपट, नवी स्काउट आणि आपण

६ जानेवारी १९७८ रोजी, वयाच्या ७८ व्या वर्षी बर्ट गेला. त्याआधीच त्याने आपली गाडी इन्व्हरकार्गिलमधल्या एका हार्डवेअर दुकानाच्या मालकाला दिली होती. ई. हेज नावाच्या त्या दुकानात स्क्रू, पाने आणि हातोड्यांच्या सोबतीला ती आजही बघायला मिळते.

२००५ मध्ये द वर्ल्ड्स फास्टेस्ट इंडियन हा चित्रपट आला. त्यात अँथनी हॉपकिन्सने बर्टची भूमिका केली आणि हे नाव जगभर पोहोचलं. चित्रपट पाहताना एवढंच लक्षात ठेवायचं, की बर्टच्या अनेक वर्षांच्या बॉनव्हिल वाऱ्या त्यात एकाच प्रवासात बसवल्या आहेत.

इंडियनचं नावही परत आलं. २०१४ मध्ये ११३३ सीसीची, लिक्विड कूल्ड इंजिनाची नवी स्काउट क्रुझर बाजारात उतरली. विक्रमाच्या पन्नाशीला, २०१७ मध्ये, बर्टच्याच घराण्यातल्या ली मन्रोने बॉनव्हिलला बदल केलेली नवी स्काउट पळवली. ती वेगळ्या गटात होती आणि कंपनीच्या इंजिनीयरांची मदत पाठीशी होती. वेग लागला ताशी १९१ मैल. शेडमध्ये घासलेल्या १९२० च्या गाडीपेक्षा जेमतेम सात मैल जास्त.

मग सुरुवातीचा वाद सुटला का? अर्धाच. बर्टने दाखवून दिलं की सीसीचा आकडा म्हणजे सगळं काही नाही. पाया मजबूत असलेली गाडी निवडली आणि ती नीट समजून घेतली, तर तिच्यातून खूप काही काढता येतं. पण फक्त सायलेन्सर बदलून ते होत नाही, हेही त्यानेच दाखवलं. एका भागाची ताकद वाढवली की त्याच्याशी जोडलेल्या प्रत्येक भागाचा विचार करावा लागतो. शिवाय त्याचे हे विक्रम वाळूवर आणि मिठावर झाले. आपल्याकडे रस्त्यावरच्या गाडीच्या मूळ रचनेत मनाला येईल तसा बदल करायला मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ ची मनाई आहे.

राहिला एक हिशोब. १९६७ च्या विक्रमाची अधिकृत नोंद ताशी १८३.५८६ मैल अशी होती. बर्ट गेल्यावर अनेक वर्षांनी त्याचा मुलगा जॉन ते जुने आकडे पुन्हा तपासत होता. सरासरी काढताना चूक झाल्याचं त्याच्या लक्षात आलं. अमेरिकन मोटरसायकलिस्ट असोसिएशनने ती मान्य केली आणि २०१४ मध्ये नोंद दुरुस्त करून १८४.०८७ केली.

अर्धा मैल वाढला. बर्टने उभं आयुष्य असल्याच अर्ध्या-अर्ध्या मैलांसाठी घालवलं होतं. हा शेवटचा मात्र त्याला त्याच्या मुलाने मिळवून दिला.